घर बदलायचंय, पण आधीचे हप्ते आडवे येतात (बडोदा)

तिसरा_मजला (धागाकर्ता) · ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. मांजलपूरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. २०१३ साली १९ लाखांना घेतला तेव्हा मी २८ वर्षांचा होतो, जिने मोजायचं सुचलंच नाही. आता आईच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय. दवाखान्यात जायचं असेल तरच ती खाली उतरते. दांडिया बाजारातल्या गणपतीला यंदा पहिल्यांदाच आली नाही.

म्हणून घर बदलायचं ठरवलं. वासणा-भायली भागात तीन बेडरूमचा एक फ्लॅट बघितला, ६२ लाख. लिफ्ट दोन, बाग, सगळं छान. आणि मग बँकेत गेलो.

माझी परिस्थिती सगळी उघड मांडतो, लपवून सल्ला मिळत नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी, हातात महिना ८८,०००. वय ४०. बायको घरी शिकवण्या घेते, साधारण २०,००० येतात, पण रोख, आयकराचं रिटर्न कधी भरलेलं नाही. आईला फॅमिली पेन्शन.

देणी अशी: चालू गृहकर्ज ७ लाख ६० हजार बाकी, हप्ता १३,४००. गाडीचा हप्ता १०,९००, अजून २५ बाकी. बाबांच्या आजारपणात घेतलेलं पर्सनल लोन, हप्ता ८,७००, १३ बाकी. आणि फ्रिज-मोबाइलचे क्रेडिट कार्डवरचे हप्ते मिळून ४,१००, ते ८ बाकी. शिल्लक ४ लाख.

जुना फ्लॅट ३३ लाखांपर्यंत जाईल असं दलाल म्हणतो. म्हणजे कर्ज फेडून, दलाली देऊन २५ लाख हातात. नवीन घर, दस्तावेजाचा (खरेदीखताचा) खर्च आणि आतलं काम धरून ७० लाखांचा मामला, तेव्हा ४१ लाख कर्ज हवं. बँकेतला मुलगा म्हणाला, "सर, २४ लाख होतील. तेही जुनं होम लोन बंद केल्याचा कागद आणलात तर. नाहीतर आठ."

आठ! आठ लाखांत तर भायलीला पार्किंगसुद्धा मिळायचं नाही. काय करावं?

---

सेवउसळ_फॅन · ३ नोव्हेंबर, ११:०५

पार्किंग मिळेल हो, पण रस्त्यावर.

(बाकी जाणकार येतीलच. मी आपला पहिला नंबर लावून ठेवला.)

---

आकडेमोडे · ४ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

बँकेच्या कर्ज विभागात २६ वर्षं काढली, आता निवृत्त. तेव्हा सकाळच्या चहाबरोबर तुमची आकडेमोड करून टाकली.

त्या मुलानं आठ आणि चोवीस कुठून काढले ते आधी बघा. तुमच्या पगारात बहुतेक बँका सगळे हप्ते मिळून साधारण निम्म्या पगारापर्यंत जाऊ देतात. कुणी थोडं सैल, कुणी थोडं कडक. ८८,००० चे निम्मे ४४,०००. आज तुमचे हप्ते ३७,१००. उरले ६,९००. आठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर लाखाला ८३६ रुपये हप्ता बसतो, म्हणजे ६,९०० मध्ये सव्वाआठ लाख. जुनं गृहकर्ज गेलं की १३,४०० मोकळे होतात, मग २४ लाख. मुलानं काही चूक केलेली नाही.

आता मुद्द्याचं. बँक तुमचं कर्ज किती बाकी आहे ते बघत नाही, हप्ता किती जातो ते बघते. दर हजार रुपये हप्त्यामागे तुमची कर्जाची पात्रता १ लाख २० हजारांनी खाली येते. मग कुठलं देणं आधी फेडायचं ते व्याजाच्या दरावर ठरवू नका, आणि मोठं-लहान यावरही ठरवू नका. बाकी रकमेला हप्त्यानं भागा.

कार्ड: आठ हप्त्यांचे आज फेडले तर साधारण ३१ हजार. मोकळा होतो ४,१०० चा हप्ता. पात्रता वाढते ४ लाख ९० हजारांनी.

पर्सनल लोन: बाकी असेल १ लाख ५ हजारांच्या आसपास. हप्ता ८,७००. पात्रता वाढते १० लाख ४० हजारांनी.

गाडी: बाकी अडीच लाखांना थोडी कमी. पात्रता वाढते १३ लाखांनी.

म्हणजे पहिली दोन फेडायला १ लाख ३६ हजार लागतात आणि तुम्ही २४ वरून थेट साडेएकोणचाळीसवर जाता. गाडी तूर्त राहू द्या.

---

तिसरा_मजला · ४ नोव्हेंबर, ९:२५

काका, हात जोडतो. मी तर सगळ्यात मोठी म्हणून गाडीच आधी फेडायला निघालो होतो. शिल्लक चार लाखांतले अडीच तिथेच गेले असते.

---

आकडेमोडे · ४ नोव्हेंबर, ९:४०

सगळे तेच करतात. आणखी एक. पाच-सहा हप्तेच उरले असतील तर काही बँका ते कर्ज हिशेबात धरतच नाहीत. तुमचं कार्ड दोन-तीन महिन्यांत त्या टप्प्यावर येईल. पण "काही बँका" म्हणालो, "सगळ्या" नाही. ३१ हजारांसाठी त्या आशेवर बसू नका.

---

रावपुऱ्याची_लेक · ४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

आकडेमोडे काकांना अनुमोदन, पण "फेडलं" आणि "फेडलं असं दिसलं" यात फरक असतो, तो मी भोगलाय.

आमचं पर्सनल लोन आम्ही वेळेआधी बंद केलं. एका वित्त कंपनीचं होतं, नाव नको. पैसे गेले, मेसेज आला, आम्ही खूश. दोन महिन्यांनी गृहकर्जाला गेलो तर क्रेडिट रिपोर्टमध्ये (आपल्या कर्जफेडीची नोंद असते तो) कर्ज चालू, आणि वर शेवटचा हप्ता थकलेला! त्यांनी बंद करतानाचे ११० रुपये कुठल्याशा शुल्काचे धरले होते आणि आम्हाला सांगितलंच नव्हतं. ११० रुपयांसाठी स्कोअर ७७० वरून ६९० वर. दुरुस्त करून घ्यायला सात आठवडे आणि असंख्य फोन.

तेव्हा तिसरे मजलेवाले, बंद करायच्या आधी लेखी आकडा मागवा, कोणत्या तारखेपर्यंत भरला तर चालेल त्यासकट. भरल्यावर 'नो ड्यूज' पत्र घ्या. २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना क्रेडिट ब्युरोंना (ही नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना) महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे आता पूर्वीइतका उशीर लागू नये. चारही ब्युरो वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, तो स्वतः काढून बघा आणि मगच अर्ज टाका. आणि कुणी "थोडं कमी घेऊन सेटल करतो" म्हणालं तर अजिबात नको. रिपोर्टवर 'सेटल्ड' लागलं की पुढची बँक तुमच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघते.

पर्सनल लोन स्थिर दराचं असेल तर मुदतीआधी फेडण्याचं शुल्कही विचारून ठेवा.

---

तिसरा_मजला · ४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

विचारलं. तीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३,७०० च्या घरात. चालेल, भरतो.

---

पै_पै · ४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

सगळे मिळून या माणसाला साडेएकोणचाळीस लाखांच्या विहिरीकडे नेताय आणि विहिरीची खोली कुणी मोजत नाही. रागावू नका, पण बोलतो.

बँक किती देईल हा एक प्रश्न. तुम्हाला किती झेपेल हा दुसरा. धागा पहिल्यावरच फिरतोय.

आज सगळे हप्ते जाऊन तुमच्या पगारातले ५०,९०० उरतात. त्यात घर चालतंय, मुलाची फी जाते, आईची औषधं होतात, आणि तरीही फ्रिज हप्त्यावर घ्यावा लागला. ही टीका नाही, खूण आहे. आता शिल्लकीतले १ लाख ४० हजार गेले की कर्ज हवं ४२ लाख ४० हजार. त्याचा हप्ता ३५,४६५. गाडी धरून ४६,३६५. हातात उरले ४१,६००. म्हणजे आत्तापेक्षा नऊ हजार कमी, मोठ्या घरात, जिथे मेंटेनन्स जास्त, वेरा (घरपट्टी) जास्त आणि दोन लिफ्टची वीज वेगळी. शिल्लक शून्य. आईचा गुडघा बदलायचा झाला तर पुन्हा पर्सनल लोन. दोन वर्षांनी हाच धागा नव्या नावानं.

माझी एक साधी कसोटी आहे. घर घ्यायच्या आधी सहा महिने नव्या हप्त्याचा आणि सध्याच्या हप्त्यांचा फरक दर एक तारखेला वेगळ्या खात्यात टाका. हप्त्याची रंगीत तालीम म्हणा. तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला तर घर महाग आहे, बँक काहीही म्हणो.

---

सेवउसळ_फॅन · ४ नोव्हेंबर, ११:३८

पै_पै आले की धाग्यातली हवा जाते, पण बोलतात खरं.

---

भायलीवासी · ५ नोव्हेंबर, सकाळी १०:००

तीन वर्षांपूर्वी तरसालीहून इकडे आलो. भाग सुंदर आहे, वाद नाही. पण ६२ लाखांत काय काय नाही ते सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिल्डरकडे बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी) आली आहे का? नसेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख १० हजार. बीयू आल्यावर घेतलं तर जीएसटी नाही. ४५ लाखांपर्यंत किंमत आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असेल तर १ टक्का, पण तुमचं घर त्यात बसत नाही. मग मेंटेनन्स डिपॉझिट. मग "डेव्हलपमेंट चार्जेस" नावाचं एक पोतडं, ज्यातून दर बैठकीत नवीन काहीतरी निघतं. मग किचन, पंखे, पडदे, जाळ्या. आम्ही अडीच लाख धरले होते, पाच झाले, आणि बायको अजून म्हणते ड्रॉइंगरूम अर्धवट आहे.

आईंना रावपुऱ्यात, दांडिया बाजारात जायचं असेल तर इथून रिक्षा लांब पडते, हेही धरा. आमच्या आई पहिलं वर्षभर "कुठे आणून टाकलंत" म्हणत होत्या. लिफ्ट होती, जायला ठिकाण नव्हतं.

---

दस्तावेज_काका · ५ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर आयुष्य गेलं, थोडं माझंही ऐका.

गुजरातेत स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का. घर फक्त बाईच्या नावानं घेतलं तर नोंदणीचा १ टक्का माफ. फक्त. नवरा जोडीला आला की माफी गेली. लोक ऐकीव माहितीवर येतात आणि काउंटरवर भांडतात. हा खर्च बँक कर्जाच्या हिशेबात घरकिमतीत धरत नाही (दहा लाखांपर्यंतच्या घरांची गोष्ट वेगळी), तेव्हा तो खिशातूनच. एप्रिल २०२३ मध्ये जंत्री (जागेचे सरकारी दर) जवळपास दुप्पट झाली, त्यामुळे दस्तावेजाचा आकडा जुन्या ओळखीवर धरू नका.

बायकोच्या नावावर घेऊन साठेक हजार वाचवायचा मोह होईल. पण जुनं घर तुमच्या नावावर आहे. ते विकून झालेल्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवीन घर तुमच्या नावावर असलेलं बरं. बायकोच्या नावावर घेऊन सूट मागितलेल्यांची प्रकरणं कोर्टापर्यंत गेलेली आहेत. नवीन घर विक्रीच्या आधी एका वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं असतं, तेही लक्षात ठेवा. सीएला एकदा विचारा.

रिसेल बघायला गेलात तर "एवढा दस्तावेज, बाकीचे वरचे" (म्हणजे कागदाबाहेर, रोख) असं ऐकाल. लोन दस्तावेजाच्या आकड्यावर मिळतं, वरचे तुम्ही कुठून आणणार? पुन्हा पर्सनल लोन? शिवाय घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं-देणं कायद्यात बसत नाही, तेवढाच दंड होऊ शकतो. अशा घराच्या पायऱ्यासुद्धा चढू नका.

आणि तारखेचं. आज ५ नोव्हेंबर. १६ डिसेंबरच्या सुमाराला कमुरता (गुजरात्यांचा शुभकार्यं टाळायचा महिना) लागतील. आपल्याला पौषाचं एवढं काही नसतं, पण तुमचा गिऱ्हाईक गुजराती असेल तर उतराणपर्यंत (संक्रांतीपर्यंत) ना दस्तावेज करेल ना नव्या घरात घडा ठेवेल. तेव्हा बानाखत (विक्रीचा करार) तरी त्याआधी करून टाका.

---

तिसरा_मजला · ५ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे प्रतिसाद बायकोला वाचून दाखवले. पै_पैंचा आला तेव्हा ती म्हणाली, "हे मी मार्चपासून सांगतेय." इथे मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर घरी जेवण मिळणार नाही.

दोन प्रश्न उरले. तिचे २०,००० धरता आले तर? आणि आईची पेन्शन? आई स्वतःच म्हणते, "माझी सही घ्या."

---

शिकवणीवाली · ६ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मीही शिकवण्या घेते, म्हणून पहिल्या प्रश्नाचं मी देते. रोख पैसा बँकेच्या लेखी नसतोच. दोन-तीन वर्षांची रिटर्नं आणि खात्यात दर महिन्याला दिसणारे जमा, हे असेल तर धरतात. माझी एक मैत्रीण घाईनं मागची रिटर्नं एकाच आठवड्यात भरून गेली. बँकेला लगेच वास आला, धरली नाहीत.

तेव्हा या घरासाठी वहिनींची कमाई विसरा. पण आजपासून पालकांना यूपीआयनं फी द्यायला सांगा आणि यंदाचं रिटर्न वेळेत भरा. कर शून्य निघाला तरी. पुढच्या वेळी त्या रांगेत तुमच्या मागे नाही, बरोबर उभ्या असतील.

---

पेन्शनर_आजी · ६ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

दुसऱ्या प्रश्नाचं मी देते, मी ७१ ची आहे.

आईची सही घेऊ नका. हिशेबानंही फार मिळत नाही. सह-कर्जदाराचं वय बघून बँक मुदत कापते, सत्तर-पंचाहत्तरपर्यंतच जाते, आणि मुदत कमी झाली की हप्ता फुगतो. पण ते राहू द्या. पेन्शन ही बाईच्या हातात असलेली एकच स्वतःची गोष्ट असते. ती कर्जाला जोडली की उद्या तिला नातवाला पाचशे रुपये देतानाही विचारावं लागेल. ती "घ्या" म्हणेल. आम्ही सगळ्याच म्हणतो.

---

तिसरा_मजला · ६ नोव्हेंबर, दुपारी २:०५

आजी, नाही घेत.

---

हिशोबी_गडी · ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

उशिरा आलो. मला एक कळत नाही, गाडी का ठेवायची? जुनं घर विकल्यावर २५ लाख येणारच आहेत. त्यातून गाडीचे अडीच लाख फेका आणि गृहकर्ज तेवढं जास्त घ्या. गाडीचं व्याज नऊ, घराचं आठ. हप्ता १०,९०० चा जाऊन २,०७४ होतो. महिन्याला ८,८०० सुटले. सरळ आहे!

---

आकडेमोडे · ६ नोव्हेंबर, रात्री ९:००

सरळ दिसतं, सरळ नाही. घराच्या पैशातून गाडी फेडली म्हणजे गाडी २० वर्षांच्या कर्जावर घेतली. तो २,०७४ चा हप्ता २४० महिने भरलात तर अडीच लाखांचे जवळपास पाच लाख जातात. गाडी पाच वर्षांत भंगारात, हप्ता मुलाच्या लग्नापर्यंत.

सगळी देणी एकत्र करून एकच मोठं कर्ज घ्या म्हणणाऱ्या सगळ्यांची गोम इथेच असते. हप्ता कमी होतो हे खरं. देणं कमी होत नाही, लांबतं.

---

हिशोबी_गडी · ६ नोव्हेंबर, ९:२०

पण काका, सुटलेले ८,८०० दर महिन्याला गृहकर्जातच भरले तर? फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या गृहकर्जावर आधी भरल्याचा दंड नसतो. मग गाडीचे पैसे साधारण तेवढ्याच महिन्यांत फिटतात आणि एक टक्का व्याज वाचतं. शिवाय एखादा महिना अडचणीचा आला तर जास्तीचे भरायची सक्ती नाही. गाडीचा हप्ता मात्र चुकवता येत नाही.

---

आकडेमोडे · ६ नोव्हेंबर, ९:३५

गणित मान्य. माणूस मान्य नाही. २६ वर्षांत असं भरणारे मी बोटावर मोजण्याइतके बघितले.

---

पै_पै · ६ नोव्हेंबर, ९:५०

काकांशी सहमत आहे, याची नोंद घ्यावी. पुन्हा होईल असं नाही.

आणि तिसरे मजलेवाले, एक विचारू? तुम्हाला तीन बेडरूम हव्यात की लिफ्ट?

---

तिसरा_मजला · ७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

रात्रभर याच प्रश्नावर अडलोय. लिफ्ट हवी. तिसरी बेडरूम मला हवी होती, आईनं कधी मागितली नव्हती.

---

दस्तावेज_काका · ७ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

मग मांजलपुरातच लिफ्टवाली रिसेल बघा की. जीएसटी नाही, लगेच ताबा. बघताना तीन गोष्टी: बीयूची प्रत, वेरा बिल विकणाऱ्याच्याच नावावर, आणि जुना बोजा उतरलाय का. इमारत फार जुनी असेल तर बँक मुदत कमी देते, तेही आधी विचारा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरभर घुसलं होतं. आता गिऱ्हाईक आधी विचारतो, "पाणी कुठवर आलं होतं?" तुम्ही घेताना विचारा, आणि विकताना तुम्हालाही विचारतील. तिसरा मजला त्या वेळी कामाचा.

---

तिसरा_मजला · २१ फेब्रुवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. बरेच जण व्यनितून (खासगी निरोपातून) विचारत होते, म्हणून सगळं एकदाच लिहितो.

नोव्हेंबरातच कार्ड आणि पर्सनल लोन बंद केलं, 'नो ड्यूज' पत्रं हातात आल्याशिवाय उठलो नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिपोर्ट काढला, दोन्ही बंद दिसली. रावपुऱ्याची_लेक, तुमच्या ११० रुपयांची आठवण ठेवून शेवटचा पैसासुद्धा विचारून भरला.

जुना फ्लॅट ३३ ला जाईल म्हणाले होते, गेला साडेएकतीसला. लिफ्ट नाही म्हणून प्रत्येकानं पाडून मागितलं. घेणारं जोडपं तरुण आहे, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आले. त्यांना बघून मला २०१३ आठवलं. "आणखी वीस वर्षांनी काय?" हे विचारायचं तोंडावर आलं होतं, बायकोनं चिमटा काढला. बानाखत १२ डिसेंबरला, दस्तावेज उतराण झाल्यावर. त्यांच्या बँकेनं आमच्या बँकेच्या नावानं थेट चेक दिला, ७ लाख ४० हजार; बाकीचा आम्हाला. ताबा द्यायला बानाखतात ३० दिवस लिहून घेतले होते, म्हणून भाड्याच्या घराची भानगड टळली.

नवीन घर मांजलपुरातच, आधीच्या घरापासून चालत सात मिनिटं. दोन बेडरूम आणि एक छोटी खोली, दुसरा मजला, लिफ्ट. साडेशेहेचाळीस लाख, सगळे चेकनं. एका विकणाऱ्यानं "वरचे बारा" मागितले होते, काकांचं ऐकून जिन्यातूनच परत फिरलो. घर दोघांच्या नावानं घेतलं, नोंदणीचा १ टक्का भरला. दस्तावेजाचे २ लाख ७४ हजार, रंग-नळ-सामान हलवणं १ लाख ६० हजार. कर्ज साडेपंचवीस लाख, आठ टक्के, २० वर्षं, हप्ता २१,३३०.

गाडी ठेवली. तिचा हप्ता धरून महिन्याला ३२,२३० जातात. घर बदलायच्या आधी ३७,१०० जात होते. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण घर बदलून हप्ता खाली येतो यावर माझाच विश्वास बसेना. गुपित काही नाही. ८,७०० आणि ४,१०० गेले आणि तिसरी बेडरूम आली नाही. शिल्लक लाखभर उरली आहे, ती कमी आहे हे पै_पैंनी सांगायच्या आधी मीच सांगतो.

---

पै_पै · २१ फेब्रुवारी, ९:५५

कमी आहे. वाचलेले ४,८७० वेगळ्या खात्यात टाका, एक तारखेलाच.

---

हिशोबी_गडी · २१ फेब्रुवारी, १०:१०

गृहकर्जात भरा!

---

आकडेमोडे · २१ फेब्रुवारी, १०:१२

आधी चार-पाच महिन्यांचा घरखर्च साठू द्या, मग गृहकर्जात. आणि गाडीचे हप्ते संपले की ते १०,९०० कुठे जातात ते इथे येऊन सांगा.

---

पेन्शनर_आजी · २२ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

आई कशा आहेत?

---

तिसरा_मजला · २२ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

रोज संध्याकाळी खाली उतरते. सोसायटीच्या बाकावर बसून तिनं चार दिवसांत सगळ्यांची माहिती काढली आहे. कुणाचं घर किती लाखांना गेलं तेसुद्धा. काल म्हणाली, आपण दीड लाख जास्त दिले.